शुक्रवारपर्यंत गप्प

चिटणीसबाईंच्या घरात कशावरून भांडण पेटेल याचा नेम नव्हता. ओला टॉवेल, उघडा राहिलेला नळ, कुणाच्या लग्नाला कोण गेलं नाही, काहीही पुरायचं. एकाच विषयावर त्या घरात अळीमिळी गुपचिळी असायची. तो विषय म्हणजे रविवारी सकाळी पाहिलेला सिनेमा. आणि मजा बघा, नवराबायको दोघांचंही उभं आयुष्य सिनेमातच गेलेलं! बाई फिल्म सोसायटीच्या चिटणीस. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी त्या सिनेमा दाखवायच्या, तोही थिएटरवाले ज्याला हात लावणार नाहीत असला. आणि त्यांचे यजमान त्याच सिनेमावर साप्ताहिकात लिहायचे. सदराचं नाव 'शेवटच्या रांगेतून'. बसायचेही शेवटच्याच रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर. त्यामुळे सगळे त्यांना 'शेवटचे' म्हणत. "शेवटचे आले का? मग करा सुरू!" असं सोसायटीचे खजिनदार ओरडायचे, दिवे जायचे, आणि पाचेक मिनिटांत खजिनदार घोरायला लागायचे.

रविवारी सिनेमा, शुक्रवारी साप्ताहिक. मधल्या दिवसांत घरात त्या सिनेमाबद्दल अक्षर काढायचं नाही, असा नियम. आणि हा नियम शेवटच्यांचा नव्हता बरं का, बाईंचा होता.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. त्या काळी सिनेमाचे पत्र्याचे डबे बसच्या टपावरून यायचे. एकदा ते भलत्याच ठिकाणी उतरवले गेले. बाईंनी कुणाकुणाच्या हातापाया पडून ते परत मिळवले, खेळ कसाबसा पार पाडला, आणि एवढं करून पिक्चर निघाला सुमार. घरी येऊन त्या नवऱ्यापाशी ढसाढसा रडल्या. शुक्रवारी साप्ताहिकात काय छापून यावं? 'संयत हाताळणी, नेटके आयोजन.' बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे मी रडले म्हणून लिहिलंत!"

"अगं, तुला बरं वाटावं म्हणून..."

"मला बरं वाटावं म्हणून तुम्ही घरात आहात की! पेपरात खरं लिहायला दुसरं कोण आहे?"

त्या दिवशी बाईंनी ठरवून टाकलं. घरात सिनेमा काढायचा नाही. डबे कसे आले, कोण कसं वागलं, मला काय वाटलं, काही म्हणजे काही तुमच्या कानावर पडणार नाही. तुम्हाला काय वाटलं ते मी शुक्रवारी वाचीन, चार लोकांसारखी.

आणि तो नियम दोघांनी पाळला हो! रविवारी दुपारी जेवताना समोरासमोर बसायचे. तासाभरापूर्वी पडद्यावर एक अख्खं कुटुंब पुरात वाहून गेलेलं असायचं आणि इथे हे बोलायचे काय, तर शेंगा यंदा निबर आल्यात. शेजारीण खिडकीतून विचारायची, "काय हो, आज घरात कर्फ्यू का?" बाई हसून खिडकी लावून घ्यायच्या. शुक्रवारी पेपर दारात पडला की शेवटचे लगेच चपला घालून फिरायला जायचे. बाईंना वाटायचं, भितात मला. मग त्या चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायच्या आणि नवऱ्याच्या पोटातलं पेपरातून काढून घ्यायच्या.

काय लिहायचे! 'या चित्रपटात घोड्याचे काम उत्तम झाले आहे. नायकाने त्याच्याकडून चार गोष्टी शिकायला हरकत नव्हती.' घरचा आहेर द्यायलाही कमी करायचे नाहीत. 'संगीताची उणीव सोसायटीच्या खुर्च्यांनी कुरकुरून भरून काढली' असं एकदा लिहिलं, तेव्हा बाईंनी दोन दिवस त्यांच्याशी दुसऱ्या कुठल्या विषयावरही बोलणं टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी खुर्च्यांना तेल घातलं. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नसे तेही सदर वाचून भांडायचे. औषधाच्या दुकानातली बाई गल्ल्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवायची, आणि गिऱ्हाईक खोकला विसरून म्हणायचं, "छे, छे, शेवटच्यांना कळलाच नाही हा पिक्चर!" हॉल असा भरायचा की लोक जिन्यावर बसायचे. काळे पडदे टाचण्यांनी खिडक्यांना लावले तरी एखादी फट राहायचीच, आणि उन्हाची एक रेघ नटीच्या गालावरून हळूहळू सरकत जायची. त्या रेघेचीसुद्धा लोकांना सवय झाली होती.

बुधवारी शेवटचे मजकूर घेऊन स्वतः छापखान्यात जायचे. संपादक मोठे प्रेमळ, पण हातात कात्री. जाहिरात आली की सदराचा शेवटचा परिच्छेद उडालाच म्हणून समजा. म्हणून शेवटच्यांनी युक्ती काढली होती. जे सांगायचं ते आधीच सांगून टाकायचं आणि शेवटी हवापाण्याचा एक परिच्छेद जोडायचा, कापायला. संपादकांना ते माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे यांनाही माहीत होतं. अशी सगळी वर्षं गेली, आणि चांगली गेली.

मग साप्ताहिक बंद पडलं.

संपादक स्वतः घरी येऊन सांगून गेले. चहा घेतला, बशीत सांडला, पुसला. "मशीन थकलं, मीही थकलो," म्हणाले. "लोक आता फोनवर वाचतात. वाचतात कसलं, बोटाने वर सरकवतात." शेवटचे म्हणाले, "बरं झालं, कात्रीतून सुटलो," आणि दोघं म्हातारे हसले. संपादक जिना उतरून गेले तरी शेवटचे दाराशी तसेच उभे होते.

रविवारचे खेळ चालूच राहिले. डबे जाऊन बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर सिनेमे यायला लागले होते आणि जिन्यावर बसायची वेळ आता कुणावर येत नव्हती, पण बाईंनी खंड पडू दिला नाही. शेवटचेही यायचे, दाराजवळच बसायचे. घरी आल्यावर नेहमीसारखं शेंगांवर बोलणं व्हायचं. मग शुक्रवार यायचा. पहिल्या शुक्रवारी तर सवयीने शेवटच्यांनी चपला घातल्या, दाराकडे पाहिलं, आणि काढून ठेवल्या. बाईंनी ते पाहिलं आणि भाजी चिरत बसल्या.

आता शहाण्या माणसाने काय करावं? सरळ विचारावं, "काय हो, कसा वाटला?" पण नाही. बाईंना वाटे, पेपर यांचा बंद झाला, बोलायचं तर यांनी बोलावं. शेवटच्यांना वाटे, नियम हिचा आहे, उठवायचा तर हिने उठवावा. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे दोघे. महिन्यामागून महिने गेले, सिनेमामागून सिनेमे गेले, आणि त्या माणसाला एकाबद्दलही काय वाटलं ते बाईंना कळलं नाही. खरं सांगायचं तर बाईंना पोरकं वाटत होतं. पुढच्या रांगेत बसून त्या पडदा बघायच्या, मागून शेवटच्यांचा खोकला ऐकू यायचा, आणि मनात यायचं, आत्ता या सीनला यांच्या डोक्यात काय चाललं असेल? तो खोकलाच काय तो बाईंच्या वाट्याला राहिला होता.

अशात लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या शहरात दुसऱ्यांचे सिनेमे कापायची-जोडायची. आता तिने स्वतःचा केला होता, पहिला.

"आई, पहिला खेळ आपल्या हॉलमध्ये करायचा. अजून शेवटचा हात फिरवायचाय, तेवढ्यात काही बदलता येईल. एकदा बाहेर गेला की गेला. म्हणून मला बाबांचं मत हवंय. खरं मत."

"अगं, पण पेपर कुठे आहे आता?"

"घर आहे ना?" लेक म्हणाली.

बाईंनी फोन ठेवला. पोरगी बापाचं सदर वाचत वाचत मोठी झालेली. बापाने गोडगोड सांगितलं तर तिला तिथल्या तिथे कळणार, आणि मग ती त्याला पुन्हा कधी विचारायची नाही. आणि हा माणूस खरं सांगेल तोंडावर? भल्याभल्या दिग्दर्शकांची सालटी काढणारा हा बाप, पण लेकीपुढे नुसतं लोणी. लहानपणी तिने काढलेल्या गाईला पाच पाय होते, तर म्हणाला होता, "पळायला बरं पडेल." सोसायटीची सगळी वर्षं बाईंना जेवढी धास्ती वाटली नव्हती तेवढी त्या एका खेळाची वाटली.

रविवारी हॉल भरला. आपल्या घरची पोर म्हणून सगळे आले. औषधवाली आली, संपादक काठी टेकत आले, खजिनदार तर चक्क जागे राहिले. सिनेमा तासाभराचा. दोन बहिणी मेलेल्या आईचं शिवणकामाचं दुकान आवरायला येतात, एवढीच गोष्ट. अर्धवट शिवलेले कपडे खुंट्यांवर टांगलेले. गिऱ्हाइकं एकेक करून येतात आणि आपापलं घेऊन जातात. बाई पहिल्या दहा मिनिटांतच हरवून गेल्या. मधे कुठेतरी थोरली बहीण आईचं जाकीट छातीशी धरून खूप रडते, व्हायोलिन वाजतं, आणि शेवटी दुकानाचं दार ओढलं जातं. टाळ्या थांबेनात.

मग चहा आणि चर्चा. "डोळ्यांत पाणी आणलंस गं पोरी!" "सुंदर!" "आईची आठवण आली!" लेक सगळ्यांना हसून मान डोलवत होती आणि नजर जात होती ती दाराजवळच्या खुर्चीकडे. खुर्ची रिकामी होती. शेवटचे चर्चेला कधीच थांबत नसत. दुसऱ्याचं मत कानावर पडलं की आपलं बाटतं, असं त्यांचं म्हणणं. लेकीला ते माहीत होतं, तरी तिचा चेहरा उतरला.

घरी तिघं जेवायला बसली. वाढून झालं. शेवटच्यांनी भात कालवला, पुन्हा कालवला, आणि ताटाकडे बघत म्हणाले, "छान होता."

लेकीचा हात थांबला.

आता हे समजून घ्या, की 'छान' हा शब्द या माणसाने सबंध जन्मात छापला नव्हता. साप्ताहिकात कुणी नवखा लिहायला आला की त्याला बजावायचे, "छान म्हणजे पाहुण्यापुढे ठेवलेलं पाणी. कुणीही आला तरी तेच." लेकीने हे शंभरदा ऐकलेलं.

"छान," ती म्हणाली. "बरं." आणि मुकाट्याने जेवायला लागली.

तिचं ते 'बरं' ऐकलं मात्र, बाईंनी हातातलं भांडं आदळलं. "अहो, पोर एवढ्या लांबून पाणी प्यायला आलीय का? ऐका. पेपर संपला त्या दिवशीच आपला नियम संपला. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, माझंच नाक आडवं आलं. आता सांगते. बोला!"

"काय बोलू?" शेवटचे एकदम चिडले. "माझं लिहिलेलं वाचताना कुणाचं तोंड मला कधी दिसलं नाही, म्हणून लिहीत आलो. वाचणारा एकटा असायचा. रडला, शिव्या दिल्या, पेपर फाडला, त्याचा तो. हिचं तोंड हे माझ्यासमोर आहे. कसं सांगू?"

"म्हणजे वाईट झालाय," लेक म्हणाली.

"तसं नाही गं!"

"मग कसं?"

शेवटचे ताट घेऊन उठले. रविवारची भांडी त्यांच्याकडे असत. मोरीपाशी गेले, नळ सोडला, आणि दोघींकडे पाठ करून घासायला लागले. बाईंना वाटलं, संपलं, आता हा माणूस बोलत नाही.

"त्या कोटाला बटणं नव्हती," ते एकाएकी म्हणाले. "तो म्हातारा येतो, बिनबटणाचा कोट तसाच अंगात घालतो, आणि पैसे ठेवून जातो. बटणं नाहीत हे तोही बोलत नाही, या दोघीही बोलत नाहीत. तिथे मी खुर्चीत पुढे सरकलो. मग धाकटी मशीनचा खण उघडते, आत आईचा चष्मा. ती तो उचलत नाही. खण लावते. तिथे मी माझा चष्मा काढून पुसला."

लेकीने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"आणि मग तू थोरलीला रडवलंस. व्हायोलिन लावलंस. ती रडायला लागली आणि माझं थांबलं. म्हटलं, माझ्या वाटचंही हीच रडतेय, तर मला काय काम? तोवर तू काही सांगत नव्हतीस आणि मला सगळं कळत होतं. तिथे तुला वाटलं, या लोकांना कळायचं नाही. भरवसा उडाला तुझा आमच्यावरचा. सबंध सिनेमात तेवढीच एक जागा खोटी आहे, आणि नेमकी मधोमध आहे."

"सगळ्यांना तोच सीन आवडलाय," लेक म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

"आवडू दे."

"ती बाई अंगात ताप असताना आली होती तो करायला. तिला काय सांगू मी?"

"ते मला ठाऊक नाही. मी फक्त पडद्यावरचं बघतो."

लेकीने डोळे पुसले. मग म्हणाली, "आणि बाबा, तुमचा? तुमचा होता भरवसा माझ्यावर? छान म्हणालात आणि मोकळे झालात."

नळ वाहत होता. शेवटच्यांनी तो बंद केला. वळले. हाताला साबण तसाच, कोपरापर्यंत.

"नव्हता," ते म्हणाले. "वाटलं, हिला सोसायचं नाही. चुकलं माझं."

आणि तसेच फेसाच्या हातांनी येऊन लेकीसमोर बसले. "पहिल्यापासून सांगतो," म्हणाले. आणि सांगायला लागले, तिच्या तोंडाकडे बघत. पहिला सीन, दुसरा सीन, कुठे कॅमेरा उगाच हलला, कुठे एक क्षण जास्त थांबायला हवं होतं, धाकटीने दोरा दातांनी तोडला ते किती बरोबर. हातवारे करताना फेस टेबलावर उडत होता. लेक आधी रडली, मग भांडली, मग "नाही, नाही, तिथे तुम्ही चुकताय!" म्हणून टेबलावर हात आपटला, आणि त्यावर बाप मनापासून हसला.

बाई बघत राहिल्या. नवऱ्याचं लिहिलेलं अक्षर न् अक्षर त्यांनी वाचलं होतं, पण असा बोलताना हा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. कसा पाहणार? त्यांच्या ताटात सगळं आलं ते निवून, शुक्रवारी. एवढी वर्षं हे असलं ऊन-ऊन बोलणं या घरात होतं आणि आपण त्यावर झाकण ठेवून बसलो! खरं ऐकायचं होतं म्हणून नियम केला. खरं मिळालंही, नाही असं नाही. पण हा आवाज, हे डोळे, हे हात, ते सगळं मधल्या दिवसांत विरून गेलं. बाईंना फार वाईट वाटलं. इतकं, की त्यांनी उगाच उठून खिडकी उघडली.

थोड्या वेळाने लेक लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली. तो सीन लावून बघत असावी, कारण व्हायोलिन ऐकू आलं, मधेच थांबलं, आणि तोच तुकडा पुन्हा बिनसंगीताचा सुरू झाला. शेवटचे मोरीकडे निघाले, राहिलेली भांडी करायला.

"अहो," बाई म्हणाल्या.

"हं?"

"मागच्या महिन्यातला तुम्हाला कसा वाटला?"

शेवटचे थांबले. बायकोकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"तू सांग आधी," ते म्हणाले. "तुला माझं शुक्रवारी वाचायला मिळायचं. तुला काय वाटलं, ते मला कुठे वाचायला मिळालं?"

बाईंनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत कुणी त्यांना हे विचारलंच नव्हतं. त्यांना आधी डबे आठवले, खुर्च्या आठवल्या, पडदे आठवले. सिनेमा आठवायला अंमळ वेळ लागला. शेवटचे घाई न करता त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहिले, आणि बाईंनी सांगायला सुरुवात केली.